सतरावा रकाना

तपासणीच्या नोकरीत एक गंमत असते. रिपोर्ट वरती जातो आणि किस्सा आपल्याकडं राहतो. आमचे रिपोर्ट आता कुठं असतील, कुठल्या कपाटात वाळवीनं खाल्ले असतील, देव जाणे. किस्से मात्र साठतच गेले. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या मागून दुसरा आलाच म्हणून समजा! बायको म्हणते, "तुम्ही नोकरी केली का नुसत्या गप्पा मारल्या?" खरं सांगू? नुसती नोकरी केली असती तर मी टिकलोच नसतो.

उस्मानाबादेत कचेरीच्या मागच्या एका खोलीत आमचं तपासणी पथक होतं. पथक म्हणजे तीन माणसं. वरती खमितकर साहेब, मध्ये मी, म्हणजे स्वामी तपासनीस, आणि खाली हमीदभाई जमादार. खरं तर कचेरी हमीदभाईच चालवायचे. निजामाच्या अमदानीपासून नोकरीत असलेला माणूस. उर्दू कागद लिहायला ते, आडवाटेचा रस्ता सांगायला ते आणि साहेब वैतागले की चहा आणायलाही तेच.

काम असं होतं. आधी रझाकारांची धामधूम आणि मागून पोलीस अ‍ॅक्शनच्या दिवसांतली उलटापालट, या दोन्हींत जी गावं होरपळली, तिथल्या तरुण पोरापोरींसाठी सरकारनं वर्ग काढले होते. सुतारकाम, शिवण, विणकाम असले. दोन्हीकडच्या पोरांनी एका सतरंजीवर बसावं, हाताला काम लागावं, डोकी शांत व्हावीत. कल्पना चांगलीच होती. ती कितपत जमली हे गावोगाव हिंडून एका तक्त्यात भरायचं, हा आमचा धंदा.

तक्त्याला सतरा रकाने. पहिले सोळा सोपे होते. पट किती, हजेरी किती, हत्यारं आहेत का, तयार वस्तू कोणत्या, वगैरे. सतरावा असा: "तरुणांच्या मनातील कटुता कमी झाली आहे काय? होय / नाही. नको ते खोडावे."

खमितकर साहेबांनी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "स्वामी," म्हणाले, "माझीच अजून कमी झाली नाही. मी पोरांची कशी मोजू?"

*

पहिलाच दौरा सास्तूरच्या बाजूला. गावचे पाटील फार तयारीचे! आदल्या दिवशी सगळी पोरं गोळा करून त्यांनी बजावून ठेवलं होतं, "साहेब काय बी इचारू दे, व्हय म्हणायचं." हे आम्हाला काय ठाऊक?

मी विचारलं, "रोज वर्गाला येता का?"

"व्हय!"

"सगळे एकत्र बसता का?"

"व्हय!"

मी खुशीत आलो. "मनात कुणाबद्दल राग उरलाय का?"

"व्हय!!"

पाटलांचा चेहरा पडला. मला वाटलं, पोरांना प्रश्न कळला नसेल. म्हणून सोपा करून विचारला, "म्हणजे अजून मारामाऱ्या करता?"

"व्हय!!!" छपराचे पत्रे पार हलले.

पाटील डोक्याला हात लावून बसले. खमितकर साहेब मात्र शांत. म्हणाले, "स्वामी, सगळ्यांचं एकमत आहे ना? मग गावात एकोपा आहे असं लिहा." मी तसं लिहिलं.

*

आता इस्माईल मिस्त्रींची ओळख करून दिली पाहिजे.

वाशीच्या पुढं एका गावात त्यांचा सुतारकामाचा वर्ग होता. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. मिस्त्री साठीला टेकलेले. गावातली निम्मी दारं त्यांच्या हातची. पोलीस अ‍ॅक्शनच्या त्या आठवड्यात त्यांचं घर जळलं. मिस्त्री रझाकारांत नव्हते, हे गावाला आधीही ठाऊक होतं आणि नंतरही. तेवढ्या एका आठवड्यात कुणाला आठवलं नाही.

बायको आधीच वारलेली, लेक सोलापुरात दिलेली. मिस्त्री वर्गाच्या पत्र्याच्या शेडमध्येच राहायचे. म्हणजे वर्ग बंद झाला की त्यांचं गावातलं शेवटचं छप्परही जाणार. लेक सारखी बोलवायची. मिस्त्री म्हणायचे, "माजा गाव सोडून म्या का जाऊ?"

त्यांच्या वर्गात सगळ्यांत आधी येऊन बसणारा पोरगा नामदेव. त्याचा बाप रझाकारांच्या धामधुमीत मारला गेला. बाप आणि मिस्त्री जिगरी दोस्त. लहानपणी नामदेव मिस्त्रींच्या खांद्यावर बसून बाजाराला गेलेला. पण वर्गात तो मिस्त्रींशी एक अक्षर बोलायचा नाही. हजेरीला नुसता हात वर. पटाशी हवी असली तर बोट दाखवायचा. घर जाळणाऱ्यांत त्याचा चुलताही होता असं लोक म्हणत. तेव्हा तो राग होता की लाज, मला कधी कळलं नाही. कामात मात्र सगळ्यांत चोख.

मी सतराव्या रकान्यातलं 'नाही' खोडायला लागलो की मिस्त्री माझा हात धरायचे. "बाकीच्या पोरांचं सोडा साहेब. नामदेव बोलला की लिवा."

"आणि बोललाच नाही तर?"

"तर न्हाय लिवा. पर आज नगा लिवू."

असं करत प्रत्येक वेळी त्यांचा सतरावा रकाना कोराच जायचा. आणि 'तयार वस्तू'चा रकानाही कोरा! पोरं चौकटीचे सांधे करायची, मिस्त्री काटकोन तपासायचा गुण्या लावून एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "जमला न्हाय. काढा." खिळा ठोकायला बंदी. पोरं काढायची आणि पुन्हा करायची. तीन तपासण्या झाल्या, त्या शेडमधून एक पाटसुद्धा तयार होऊन बाहेर पडला नव्हता.

*

बाकीच्या गावांना तयार वस्तूंचं कधी अवघड गेलं नाही.

एकदा एकाच दिवसात तीन वर्ग पाहायचे होते. पहिल्या गावी पोरांनी केलेली खुर्ची दाखवली. हात असलेली, ऐटदार. दुसऱ्या गावीही तशीच खुर्ची. खमितकर साहेब म्हणाले, "वा! शिकवण्यात एकसारखेपणा आला म्हणायचा."

तिसऱ्या गावी पुन्हा खुर्ची. हमीदभाई दमले होते, ते सरळ तिच्यात बसले आणि चटका बसावा तसे उठले.

"साहेब, ही तीच हाय."

"कशावरून?"

"पयल्या गावात हिच्या खिळ्यानं माजा पायजमा फाडला. आता बी बराबर तितंच बोचला!"

चौकशी केली तेव्हा भानगड बाहेर आली. तिघा मास्तरांनी मिळून एकच खुर्ची केली होती. आम्ही एका गावात जेवायला बसलो की ती बैलगाडीत घालून पुढच्या गावी रवाना! साहेब काही बोलायच्या आत तिसरा मास्तरच कळवळून म्हणाला, "साहेब, फुडच्या बारीला दोन दिसांत दौरा ठेवा की. बैलं लई थकत्यात."

साहेबांना रागवायचं सुचेना. ते म्हणाले, "बैलांचं राहू द्या, मीही थकलोय." तिन्ही गावच्या तक्त्यांत आम्ही खुर्ची लिहिली. दुसरं काय करणार?

*

ढोकीच्या शिवणवर्गात हातानं फिरवायच्या मशिनी होत्या. एकीनं हँडल फिरवायचं, दुसरीनं कापड सरकवायचं, अशी शिकवायची पद्धत. मशिनी कमी, म्हणून जोड्या लावलेल्या. एका जोडीत मुक्ता आणि जैनब. दोघी विशीतल्या, दोघी विधवा. एकीचा नवरा आधीच्या धामधुमीत गेला, दुसरीचा नंतरच्या.

शिवणबाईंनी तक्रार केली, "ह्या दोघींना वेगळं करा. रोज भांडतात! ही म्हणते हँडल जोरात फिरवलं, ती म्हणते कापड वाकडं धरलं. वर्ग डोक्यावर घेतात."

मी दोघींना बोलावलं. जरा दटावूनच म्हटलं, "तुमची जोडी मोडतो. उद्यापासून दुसऱ्या कुणाबरोबर बसा."

मुक्ता एकदम उसळली. "मंग भांडू कुणासंगं? घरात कोन बोलतंय माज्याशी?"

जैनब मशीनकडं बघत म्हणाली, "साहेब, तिला तिरपं शिवायची खोड हाय. दुसरी कुनी सांबाळून घेनार न्हाय."

मी जोडी मोडली नाही. सतराव्या रकान्यात काय लिहायचं याचा परतीच्या वाटेवर विचार करत राहिलो. 'होय' लिहावं तर भांडण कानात घुमत होतं, 'नाही' लिहायला हात होत नव्हता. उस्मानाबाद आलं तरी ठरेना. त्या दिवशी मला फार थकल्यासारखं झालं, आणि एकीकडं बरंही वाटलं.

*

मग हैदराबादेहून एक जाड पत्र आलं. तिकडं कुणी शिकलेला साहेब आला होता. त्याचं म्हणणं, वर्ग असलेलं गाव आणि वर्ग नसलेलं गाव शेजारी शेजारी ठेवून पाहा, म्हणजे वर्गानं काय फरक पडला ते कळेल. डोकेबाज कल्पना! तो साहेब स्वतः आला.

आम्ही वर्ग नसलेलं एक गाव शोधलं. निरोप धाडला, "काही करू नका. आहात तसे बसा."

सरकारी माणूस काही करू नका म्हणतो, याचा अर्थ काहीतरी मिळणार आहे, असं गावानं ताडलं. आम्ही पोचलो तर वेशीपासून लेझीम! दोन्हीकडची पोरं गळ्यात गळे घालून उभी. सरपंच पुढं होऊन म्हणाले, "साहेब, आमी बी लई भोगलंय. आमच्यात बी लई राग हाय. बगा की, पोरांनी कसा दाबून धरलाय!"

हैदराबादचे साहेब भारावले. लिहिलं, "उत्साह वाखाणण्यासारखा. वर्ग मंजूर करावा." झालं, तुलनेचं गाव बाद. दुसरं शोधलं. तिथं बातमी आमच्या आधी पोचलेली, तिथं तर ढोल. तोही वर्ग मंजूर. तिसऱ्या गावानंतर तुलनेला गावच उरेना!

साहेब परत गेल्यावर खमितकर म्हणाले, "स्वामी, वर्ग नसलेली एकच जागा राहिली बघा."

"कुठली साहेब?"

"आपली कचेरी."

आणि सतराव्या रकान्याच्या बाबतीत ती जागा तुलनेला अगदी योग्य होती.

*

पुढं हैदराबाद राज्य मोडलं आणि आम्ही मुंबई राज्यात गेलो. म्हणजे आम्ही होतो तिथंच होतो, फायली गेल्या. आमचे सगळे जुने रिपोर्ट हमीदभाईंच्या सुंदर उर्दू अक्षरात. मुंबईत ते वाचणार कोण? पहिलंच पत्र आलं, "सदर वर्ग प्रत्यक्षात अस्तित्वात आहेत काय?"

आम्ही कळवलं, "आहेत."

उत्तर आलं, "पुरावा जोडावा."

हमीदभाई पाकीट उलटसुलट करून म्हणाले, "साहेब, मिस्त्रीलाच घडी घालून ह्याच्यात बसवू का?"

हसलो खरे, पण तिसऱ्या पत्रानं हसू पळालं. मुंबईचे साहेब जातीनं तपासणीला येणार. ज्या वर्गाची तयार वस्तू नाही आणि सतरावा रकाना कोरा, तो वर्ग बंद. म्हणजे यादीत पहिले इस्माईल मिस्त्री. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: "तपासणी पूर्ण होऊन शेरा पडल्याखेरीज कोणताही वर्ग बंद करू नये." खमितकर साहेबांनी लाल पेन्सिलीनं तिच्याखाली रेघ मारली आणि पत्र माझ्याकडं सरकवलं.

मी आठवडाभर आधी मिस्त्रींकडं गेलो. शेडमध्ये ते रंधा मारत होते, पलीकडं पोरं बसलेली. मी कानाशी जाऊन म्हटलं, "मिस्त्री, ती तीन गावांत फिरणारी खुर्ची आणून ठेवतो. एक दिवसाचा प्रश्न आहे."

"दुसऱ्याची खुर्ची माज्या शेडात? त्यापरास बंद करा."

माझा आवाज चढला. "आणि मग राहणार कुठं? जळक्या भिंतींत?"

बोलून गेलो आणि जीभ चावली. शेडमधली सगळी हत्यारं थांबली. मिस्त्रींचा रंधा तेवढा चालू होता. नामदेव कोपऱ्यात पटाशीला धार लावत होता, त्यानं मान वर केली नाही. मी परत निघालो तेव्हा मला रडू यायचंच बाकी होतं.

*

ठरल्या दिवशी मुंबईचे साहेब जीपमधून आले. आम्ही तिघं बरोबर. शेडमध्ये पाहतो तर एकही पोरगा नाही! हत्यारंही नाहीत, लाकडंही नाहीत. मिस्त्री एकटेच दारात उभे.

"सकाळी आली हुती," ते म्हणाले. "कुठं गेली, अल्ला जाणे."

मुंबईच्या साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "हजेरी शून्य. हत्यारे, नाहीत. तयार वस्तू?"

माझ्यानं मिस्त्रींकडं पाहवेना.

एवढ्यात हमीदभाई म्हणाले, "साहेब, तिकडं ठोकल्याचा आवाज येतोय."

आम्ही आवाजाच्या मागानं निघालो. मिस्त्री पुढं होते. एका वळणावर त्यांची चाल मंदावली, कारण ती वाट त्यांच्या घराची होती. घर म्हणजे काळ्या पडलेल्या चार भिंती. वर छप्पर नाही. आणि दाराच्या मोकळ्या जागेत पोरं बाभळीची नवी चौकट उभी करत होती. नामदेवची आई पदरात नारळ घेऊन बाजूला उभी होती.

आमच्याकडं चौकट उभी राहिली की घरधनी नारळ फोडतो आणि रुमाल देऊन सुताराचा मान करतो. मिस्त्रींनी जन्मभर तो मान घेतला होता. आज घरधनी तेच होते.

नामदेवच्या आईनं नारळ पुढं केला. मिस्त्रींनी तो घेतला नाही. ते चौकटीपाशी गेले. चारी कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. पोरांच्या हत्यारांतला गुण्या उचलून लावला. एक डोळा मिटला.

मुंबईचे साहेब मला हळूच म्हणाले, "आहे की तयार वस्तू! लिहा, चौकट, एक."

मिस्त्री म्हणाले, "जमला न्हाय. काढा."

"अहो मिस्त्री!" मुंबईचे साहेब ओरडलेच. "काढली तर तयार वस्तू नाही! वर्ग बंद होईल तुमचा!"

"हुईल तर हुईल साहेब. पर ह्या दारातनं मला रोज जायचंय."

त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून दगडावर ठेवला. नामदेवच्या आईच्या हातातला नारळ घेऊन शेजारी ठेवला. "पोरांनो, तुमचा मान हितं हाय. चौकट बसली की घ्या."

नामदेव चौकटीकडं बघत होता. मग त्यानं हातोडा उचलला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकू आला.

"कुठली बाजू, चाचा?"

मिस्त्रींनी गुण्या पुन्हा कोपऱ्याला लावला. "डावी," ते म्हणाले. "डावी, बेटा."

नामदेवनं डाव्या कोपऱ्यावर ठोका घातला तशी चौकट उजवीकडं कलली, थेट मुंबईच्या साहेबांच्या अंगावर. "साहेब, तेवढी बाजू धरा की!" नामदेव ओरडला. साहेबांनी एका हातात तक्ता तसाच ठेवून दुसऱ्या हातानं चौकट धरली. खमितकर साहेब चष्मा पुसत होते.

कोट धुळीनं माखलेला, मान वाकडी, तशाच स्थितीत मुंबईचे साहेब म्हणाले, "स्वामी, शेरा लिहून घ्या! तपासणी अपूर्ण!"

लाल रेघ मारलेली ती ओळ मला आठवली, तपासणी अपूर्ण म्हणजे वर्ग बंद होत नाही. "लिहिलं साहेब. आणि सतरावा रकाना?"

साहेब तक्त्याकडं बघायला लागले, तसे हमीदभाई पुढं धावले.

"ते मागनं बगा साहेब! आदी दोन्ही हातांनी धरा, न्हायतर पडंल!"